कॉम्प्युटरातलं पाचवं घर

बायको रिटायर होते आहे, तर आपण तिला निदान घरचा कॉम्प्युटर तरी फास्ट करून द्यावा, एवढाच माझा विचार होता. (मी विचार करायला लागलो की घरातली माणसं आधी मेन स्विच कुठे आहे ते बघून ठेवतात.)

माझी बायको सत्यवती ही आरोंद्याची पोस्टवाली. एकोणतीस वर्षं तिने गावाचं टपाल वाटलं. सोमवारपासून तिच्या जागी वैभववाडीची अक्षया येणार होती. आमच्याकडे टपाल वाटणं म्हणजे चेष्टा नाही. अर्ध्या गावाचं आडनाव नाईक. त्यात हरिश्चंद्र नाईक चार, आणि त्यांतले दोघे एकाच घरात, वेगवेगळ्या चुलींवर. म्हणून सत्यवतीने तीन महिने खपून, एका बोटाने टाइप करत, गावाची यादी केली होती. वाडी, घर, माणूस आणि शेवटी शेरा. ही यादी आमच्या कॉम्प्युटरात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती, आणि शनिवारी चार वाजता अक्षया ती न्यायला येणार होती.

शनिवारी दुपारी सत्यवती शेवटचं टपाल वाटायला बाहेर पडली आणि मी कॉम्प्युटरपुढे बसलो. डिस्कचे भाग दाखवणारा एक प्रोग्राम सापडला. त्यात पाचव्या नंबरचा भाग अगदी रिकामा, उगीच जागा अडवून बसलेला. मी तो उडवला. यंत्राने विचारलं, नक्की ना? तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस मी. स्वतःच्या अधिकारात ‘नक्की’ म्हणायची संधी मला जन्मात मिळाली नव्हती. मी ती सोडली नाही. मग यंत्र बंद करून चालू केलं.

पडदा काळाकुट्ट. वर इंग्रजीत लिहिलं होतं की असा कुठला भाग इथे नाही, आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. रेस्क्यू वाचून मला जरा धीर आला. (कोणीतरी आपल्याला वाचवायला निघालंय असं मला वाटलं.)

मी लिओनला फोन लावला. लिओन आमच्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायचा, आता मडगावला मुलीकडे असतो. हे यंत्र त्यानेच लावून दिलेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने समजावलं की यंत्र चालू झालं की आधी बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम उठतो आणि बाकीच्यांना त्यांच्या घरी जाऊन उठवतो. तो सातव्या भागाचा पत्ता घेऊन निघालाय आणि सातवा भागच त्याला सापडत नाहीये. आता त्याला हाताने पत्ता घालून द्यायचा, आणि एक अक्षर चुकलं तरी तो जागचा हलणार नाही.

एवढ्यात सत्यवती आली. मी खरं ते सांगून टाकलं. (खोटं रचायला वेळ लागतो, आणि तीन वाजून गेले होते.) तिने खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही, तशीच उभी राहिली.

“माका यादी नको,” ती हळूच म्हणाली. “माका सगळा पाठ आसा. त्या नव्या चेडवान काय करूचा?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

फोनमधून लिओनचा आवाज आला, “गुरुदास, तू आता कशाक हात लावू नको. वयनींका फोन दी.”

ती बसली. लिओनने सांगितलेली दोन अक्षरं तिने दाबली, तशी डिस्कमधल्या भागांची यादी आली: पहिला, पाचवा, सहावा. लिओन म्हणाला, आपल्याला हवा तो सातवा यात नाही, आता एकेकात डोकावून बघूया, पहिल्यापासून सुरुवात करा. सत्यवतीने चष्मा पुसला.

“पयल्यात कित्याक? सहाव्यातच आसतला,” ती म्हणाली. “बाबलीचा घर रस्त्यात गेला तेवा पंचायतीन असाच केल्यान. एक घर पडला, पुढच्या सगळ्यांचे नंबर एकेकान खाली इले. महिनोभर पत्रां शेजारच्याक जायत होती. ह्येंनी पाचवा पाडल्यानी, म्हणान सातवा आता सहावा झाला.”

तिने सहाव्यात डोकावून पाहिलं. आमच्या सगळ्या फोल्डरांची नावं पडद्यावर आली. मी थक्क झालो.  मग लिओन सांगत गेला आणि ती एका बोटाने लिहीत गेली. कंस, स्वल्पविराम, तिरकी रेघ, काही चुकलं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. या बाईच्या डोक्यात सगळा गाव घरासकट बसलेला आहे हे मला ठाऊक होतं, पण ते डोकं असं चालताना मी कधी समोर बसून पाहिलं नव्हतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. (वाकलो असतो, पण कमरेचा पट्टा लावलेला नव्हता.)

यंत्र चालू झालं. नवा पत्ता कायमचा लक्षात राहावा म्हणून लिओनने आणखी एक ओळ लिहून घेतली. यादी जागच्या जागी होती.

चारला अक्षया आली. यादीची पानं छापून बाहेर पडत होती आणि ती एकेक करून तिच्या हातात द्यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. ती तोंडात बोट घालून वाचत होती. शिवा नाईक: मागीलदारी हाक मारावी, पुढे कुत्रा आहे. मारियानबाई: ऐकू कमी येतं, पत्र वाचून दाखवावं, मग चहा नाकारू नये. आज आम्ही ही यादी कशी वाचवली ते मी तिला सविस्तर सांगत होतो.

मग आमच्या घराचं पान आलं. तिने तेही मोठ्याने वाचलं.

“गुरुदास नाईक. निवृत्त. दिवसभर घरीच असतात. महत्त्वाचा कागद यांच्या हातात देऊ नये.”

अक्षयाने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातात उरलेली दोन पानं हळूच काढून घेतली.