पूर्णवेळ अर्धा माणूस

बेळगावच्या अर्थशास्त्र विभागाने डॉ. जिनेंद्र उपाध्ये यांना टेबल दिलं होतं. खुर्ची निपाणीच्या ग्रामविकास विभागाने द्यायची, असं ठरलं होतं. त्यांनी ती दिली, पण निपाणीत.

घटप्रभा विद्यापीठाच्या या थोर कल्पनेचं नाव होतं सामायिक प्राध्यापक योजना. माणूस एक, विभाग दोन, गावं दोन. आठवड्याचे पहिले तीन दिवस बेळगाव, उरलेले निपाणी. बेळगाववाले त्याला निपाणीचा पाहुणा समजून चहा पाजत, निपाणीवाले बेळगावचा समजून. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. जिनेंद्र मात्र चहाने टम्म झाला होता.

त्याला चहा नको होता, कायम नेमणूक हवी होती. बोरगावच्या कुंथुनाथ मगदुमांनी त्याला साफ सांगितलं होतं, "अर्ध्या नोकरीला मी पोरगी देनार न्हाय." पोरगी म्हणजे त्रिशला. तिला जिनेंद्र आवडला होता आणि जिनेंद्रचा तर तिच्यात जीवच अडकला होता.

अशात विद्यापीठाचं मूल्यांकन करायला समिती येणार असं कळलं. सकाळी बेळगाव, दुपारी निपाणी. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक दाखवला नाही तर गुण कापणार. बेळगावचे विभागप्रमुख नागेंद्र हलगेकर यांनी जिनेंद्रला बोलावलं.

"समितीम्होरं तू आमचा पूर्णवेळ. निपाणीचं नाव काढायचं न्हाय. तुला पर्मनंट करायची शिफारस माझ्या हातात हाय, ध्यानात ठेव."

"आणि दुपारी निपाणीत काय सांगू, सर?"

"कसली निपाणी?"

तो बाहेर येतो न येतो तोच निपाणीच्या विभागप्रमुख अनुराधा चौगुले यांचा फोन. "जिनेंद्र, उद्या दुपारी तुम्ही आमचे पूर्णवेळ. अन् तो कोट घालून येऊ नका, खादीचं जाकीट घाला. बघितल्याबरोबर ग्रामविकास वाटला पायजे. तुमच्या शिफारशीवर माझी बी सही लागती, व्हय ना?"

"आणि बेळगाव, मॅडम?"

"कसलं बेळगाव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटातल्या जिनेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून हलगेकर समितीला म्हणाले, "हे आमचे पूर्णवेळ डॉ. उपाध्ये. विभाग सोडून कुटं हालत न्हाईत." समितीच्या अध्यक्षा, धारवाडच्या डॉ. प्रियदर्शनी देसाई, कौतुकाने हसल्या. समिती जेवायला बसली आणि पानात कुंदा पडला, तसा विभाग सोडून न हालणारा माणूस मागच्या दाराने निघाला आणि त्याने निपाणीची बस गाठली. शेवटच्या सीटवर कोट पिशवीत गेला, जाकीट अंगात आलं. योजना चोख होती. हत्तरगीच्या पुढे टायर फुटला, एवढंच.

"उतरा समदी!" कंडक्टर ओरडला. "दुसरी गाडी यील तवा यील."

जिनेंद्र हायवेवर हात करून उभा राहिला. बऱ्याच गाड्या निघून गेल्या आणि शेवटी एक पांढरी गाडी थांबली. त्याने आत वाकून पाहिलं. आत समिती बसली होती.

"बसा की," प्रियदर्शनीबाई म्हणाल्या. "विभाग सोडून कुठं निघालात?"

"निपाणीला... आत्याकडं. लई आजारी हाय आत्या."

बाईंना फार वाईट वाटलं. त्या खोदून खोदून विचारू लागल्या. संकेश्वर येईपर्यंत आत्याला मधुमेह झाला. कणगला येईपर्यंत तिचा गुडघा बदलून झाला. निपाणी येईतो ती जगते की नाही, याची जिनेंद्रलाच धास्ती वाटू लागली. विभागाच्या इमारतीअलीकडच्या वळणावर "हितंच ऱ्हाती आत्या" म्हणून तो उतरला आणि मागच्या कुंपणावरून उडी टाकून आत शिरला.

समिती आत आली. अनुराधा मॅडम उत्साहाने पुढे झाल्या. "हे आमचे पूर्णवेळ डॉ. उपाध्ये! सकाळपासून वर्गावरच हायत. पाणी प्यायला सुद्धा उठले न्हाईत."

प्रियदर्शनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्या कशी आहे?"

"आत्या? कुणाची आत्या?" अनुराधा मॅडमनी विचारलं.

जिनेंद्रच्या डोळ्यांपुढे त्रिशलाचा चेहरा आला आणि त्याचा बांध फुटला. "मला आत्याच न्हाय, मॅडम! अर्धा तिकडचा, अर्धा हिकडचा हाय मी. खोटं बोललो. पर्मनंट व्हायचं होतं, म्हनून." बोलता बोलता त्याला खरोखर रडू आलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. अनुराधा मॅडमनी सवयीने सगळ्यांना चहा सांगितला.

पुढच्या आठवड्यात कुलगुरूंनी त्याला बोलावलं. दोन्ही विभागप्रमुख आधीच माना खाली घालून उभे होते. आता आहे तीही अर्धी नोकरी जाणार, अशी जिनेंद्रची खात्रीच झाली.

"समिती बेहद्द खूश आहे," कुलगुरू म्हणाले. "दोन्ही विभागप्रमुख सांगतात, तुम्ही आमचे पूर्णवेळ. आणि एकाच दिवशी तुम्ही दोन्हीकडे हजर होता, हे समितीने डोळ्यांनी पाहिलं. वर रडून अर्धा-अर्धा म्हणालात, तो समितीने तुमचा विनय धरला. म्हणजे अर्ध्या वेळात तुम्ही पूर्ण काम करता! अशा माणसाला कायम करायचं नाही तर कुणाला?"

जिनेंद्रने आनंदाने वाकून कुलगुरूंच्या पायांना हात लावला.

"म्हणजे तुमचा निम्मा वेळ शिल्लक राहतो," कुलगुरू पुढे म्हणाले. "कणकुंबीला आपण नदी अभ्यास केंद्र काढतोय. तेही तुम्हीच बघायचं."

"पण सर, माझा विषय अर्थशास्त्र..."

"मग नदीला काय अर्थ नसतो?"

त्या संध्याकाळी जिनेंद्र पाय ओढत बोरगावला गेला. अर्ध्याला नाही म्हणणारा माणूस तिसऱ्या हिश्श्याला काय म्हणणार, हे उघड होतं. त्याने कसंबसं सगळं सांगितलं. कुंथुनाथ आप्पा पुढे सरकून बसले.

"किती जाग्याला म्हनालासा, पावणं?"

"तीन. बेळगाव, निपाणी अन् कणकुंबी."

"अन् तिन्हीकडं पर्मनंट?"

"व्हय."

"चंपा!" आप्पा आत बायकोकडे बघून गरजले. "साखर आन! अर्ध्या नोकरीला देत न्हवतो, पर जावयाला तीन-तीन नोकऱ्या हायत की गं!"

साखरेची वाटी घेऊन त्रिशला बाहेर आली. वाटी पुढे करताना तिने हळूच विचारलं, "अन् माझ्या वाट्याला कुठला वार?"

"रविवार," जिनेंद्र ओशाळून म्हणाला.

"चालतंय की," त्रिशला म्हणाली. "मग बाकीच्या दिवशी मी हितं आईकडं ऱ्हाते. हितं मी आधीपासनंच पर्मनंट हाय."