सरस्वतीपुढचे चोवीस गोंडे

राग आवरत नाही, म्हणून लिहायला बसलोय. हेब्बाळच्या कारखान्यात माझ्या ताब्यात दहा हजार सुटे भाग आहेत. कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात आहे, ते मला झोपेतून उठवून विचारा! अठरा वर्षांत एक वॉशर हरवलेला नाही. म्हणूनच लेकीच्या शाळेतल्या पावनी मिसना मी ऐटीत म्हणालो, "पॉमपॉमची पेटी माझ्या घरी ठेवा. भीमसेनकडे दिलेली वस्तू म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली!"

माझी सुप्रीता दहावीत आहे आणि बारा मुलींच्या नाचाच्या पथकाची कप्तान आहे. दोन्ही हातांत झिरमिळ्यांचे गोंडे घेऊन नाचायचं, त्या गोंड्यांना पॉमपॉम म्हणतात. यंदाच्या मोसमात दोन स्पर्धा झाल्या आणि दोन्हींत आमचा दुसरा नंबर आला. तिसरी आणि शेवटची नवमीला अकरा वाजता, जयलक्ष्मीपुरमच्या एका सभागृहात होती. मी आधीच बजावलं होतं, "यानंतर नाच बंद. दहावी आहे!" सुप्रीता वाद न घालता म्हणाली, "बरं अप्पा. पण ही एक जिंकू दे." खास त्या दिवसासाठी नवे चोवीस गोंडे मागवले होते. झिरमिळ्या गळू नयेत म्हणून सराव हातरुमालांवर चालला होता.

नवमीला सकाळी मी गाडीची आयुधपूजा केली, पुढे शेवंतीची जाड माळ बांधली. दहा वाजता सुप्रीता धावत आली.

"अप्पा, पेटी रिकामी आहे!"

"अम्मा!" मी ओरडलो. माझी आई दसऱ्याला बाहुल्या मांडतात त्या पायऱ्यांपाशी बसून एका बाहुलीचा पदर सारखा करत होती.

"ओरडतोस कशाला, भीमू? गोंडे सरस्वतीपाशी आहेत."

"सरस्वतीपाशी?"

"मग? पूजेत ज्याची त्याची विद्या ठेवायची असते. पुस्तकं ठेवली, तुझी डायरी ठेवली. ही पोर पुस्तकं कमी उघडते, हात जास्त हलवते. म्हणून तेही ठेवले. तप्पेनु?"

काय चुकलं म्हणे! आणि मग मला आठवलं. तीन दिवसांपूर्वी मीच सोवळं नेसून सरस्वतीचं आवाहन केलं होतं. रेशमी वस्त्राखालचा ढीग छातीइतका उंच दिसत होता. केवढा अभ्यास करते माझी पोर, म्हणून मला गहिवरून आलं होतं. दोन मुठी अक्षता मी जास्तीच्या टाकल्या होत्या!

"काढ ते आत्ताच्या आत्ता!"

"अय्यो! उद्या दशमीला विसर्जन होईपर्यंत हात लावायचा नाही. आवाहन कुणी केलं? तूच की रे!"

मी तरातरा गेलो आणि वस्त्राचं टोक धरलं. धरलं आणि हात तिथेच थांबला. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, त्यात गणित! ऐन अशा वर्षी सरस्वतीला कोण दुखावणार? मागे वळलो, तर सुप्रीताने स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"नको अप्पा," ती रडवेली होऊन म्हणाली. "मागच्या परीक्षेत गणितात कसेबसे सुटलेय मी."

मला आईचा राग आला. मी म्हटलं म्हणून खुशाल पेटी देऊन टाकणाऱ्या पावनी मिसचा आला. सगळ्यात जास्त आला तो अक्षता टाकणाऱ्या माझ्या स्वतःच्या हाताचा. येलवालच्या घरापासून जयलक्ष्मीपुरमपर्यंत मी हॉर्नवरून अंगठा उचलला नाही.

सभागृहाबाहेर अकरा मुली रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. दुकानं पूजेमुळे बंद होती. पावनी मिसनी माझ्याकडे पाहिलं.

"सार, लॉकरची किल्ली हरवली का?"

तेवढ्यात सुप्रीताने माझ्या गाडीची शेवंतीची माळ सोडली, दातांनी तोडली, दोन्ही हातांत एकेक जुडगा करून हलवून पाहिला. पिवळ्या पाकळ्या उडाल्या.

"अप्पा, अजून बावीस पाहिजेत!"

झालं, माझ्या रागाला काम मिळालं! आवारातली प्रत्येक स्कूटर, प्रत्येक गाडी त्या दिवशी फुलांनी लगडलेली होती. पहिल्या तिघांना मी विचारलं. पुढच्यांना विचारायला वेळ नव्हता, माळा सरळ ओढून काढल्या. एक गृहस्थ ओरडत आले, "री, एन माडतिद्दीरा?"

काय करताय, म्हणे! "दहावीची मुलगी आहे!" मी गरजलो. या उत्तराचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. पण गृहस्थ दोन पावलं मागे सरले. त्यांच्याही घरी दहावी असावी.

मुली नाचल्या, आणि काय नाचल्या! प्रत्येक ठेक्याला पाकळ्यांचा फवारा! लोक उभे राहिले. मी तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. शेवटी सगळ्यांच्या हातांत नुसती देठं उरली होती, पण सुप्रीता तोंडभर हसत होती. तिचं असं हसणं मी त्या मोसमात पाहिलं नव्हतं.

निकाल लागला. दुसरा नंबर! एका मार्काने!

परीक्षकबाई माइकवरून म्हणाल्या, "नाच सर्वोत्तम होता. पण दुसऱ्यांच्या वस्तू न विचारता वापरल्या, म्हणून एक मार्क कापला आहे. त्यातली एक माळ माझ्या स्कूटरची होती."

पोरींनी सहा महिने घाम गाळला आणि तो एक मार्क मी घालवला! मला इतका संताप आला, की परतताना रस्ताभर पुन्हा हॉर्न दाबून धरला. सुप्रीता खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच विचारलं, "रागावलीस?"

"नाही." मग म्हणाली, "अप्पा, आवाहन तुम्हीच केलंत ना?"

"केलं."

"मग पॉमपॉम ही विद्या झाली की नाही?"

"म्हणजे?"

"विद्या कशी बंद करायची? सरस्वतीला काय वाटेल?"

मंत्र मीच म्हटले होते, तेही शुद्ध उच्चारात!

"पुढच्या वर्षी कॉलेजातही पथक असतं," ती म्हणाली. "पेटी मात्र आपल्या घरी नको."