तेहतीस अनारशांचं वाण

धोंड्याच्या महिन्यात सासूनं, साळुबाईनं, आणे गावाहून सांगावा धाडला, तसा कुंडलिक इस्त्रीचं धोतर नेसून येडगावहून सासुरवाडीला आला. चाळीस वर्षं तो त्या घरचा एकुलता एक जावई. पण यंदा ओसरीवर आधीच दुसरा बसलेला होता. म्हातारीच्या नातीचा नवरा, ऋषी. पुण्यात कंपनीत कामाला.

ऋषीच्या तोंडात एकच शब्द. कालवड स्वीट, विहिरीचं पाणी स्वीट. म्हातारीनं जात्यावरची ओवी म्हणून दाखवली, तर आवाज स्वीट. शेवटी म्हणाला, "आजी, तुम्हीच किती स्वीट आहात." ऐंशी वर्षांच्या साळुबाईनं लाजून तोंडाला पदर लावला.

कुंडलिकच्या पोटात दुखलं. "ह्ये स्वीट म्हंजी काय ओ, पावणं?"

"गोड, मामा. किंवा गोंडस. मायाळू. सुरेल. पाणी खारं नसलं तरी स्वीटच."

चाळीस वर्षांत कुंडलिकनं सासूला यातलं काहीच म्हटलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

दुपारी तो पाणी प्यायला आत गेला, तर फडक्याखाली तांब्याच्या ताटात अनारसे रचलेले. नव्या जावयाचंच वाण असणार. वाण तेहतिसाचं, एकानंही कमी चालत नाही. म्हातारी आणि तिचा लाडका दोघंही चारचौघांत तोंडघशी पडतील, या विचारानं त्याला बरं वाटलं. उभ्या उभ्या त्यानं चार अनारसे खाल्ले.

दिवेलागणीला दोन पाट मांडले. ऋषीपुढं त्याच्या सासूनं, म्हातारीच्या सुनेनं लंकाबाईनं, ताट ठेवलं. ते दुसरंच ताट होतं. जावयाला वाण त्याचीच सासू देते, हे पोरासोरांनाही ठाऊक. जळफळाटात कुंडलिक तेवढं विसरला होता. फडक्याखालचं ताट घेऊन साळुबाई सरळ त्याच्यापुढं बसली आणि सगळ्यांदेखत मोजू लागली. कुंडलिक आढ्याकडं बघत राहिला.

"एकतीस, बत्तीस, तेहतीस."

त्यानं खाली पाहिलं. ताट पुरं होतं.

म्हातारी ओवाळायला वाकली आणि त्यालाच ऐकू जाईल असं बोलली, "पयल्या धोंड्याला बी तुमी चार खाल्लं व्हतं, पावणं. तवापासनं मी सदतीसच करती."

कुंडलिकला आज काहीतरी बोलायचंच होतं. तोंड उघडलं आणि उचकी लागली. पाण्याचा तांब्या म्हातारीनं आधीच पाटाशी आणून ठेवला होता.