किल्लेदाराने गुडगुडी टाकली त्याचे वर्तमान

श्रीभैरवाचे चरणी मस्तक ठेवून, घडले तैसे लिहितो. गोड करून लिहावे ऐसा हुकूम नाही. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी डोंगरी किल्ल्याचे किल्लेदार सुभानराव यांस खोकल्यात रक्त पडले. राव गुडगुडीचे मोठे शौकीन. निजेतून उठले की नळी, मसलतीस बसले की नळी. देवघर तेवढे सुटले होते, आणि तेही भटजींच्या धाकाने. रक्त पाहून सगुणाबाईसाहेब बोलल्या, "लेक अजून पाळण्यात आहे. स्वारीने तिचे लग्न पाहावे, इतकेच मागणे." मग रावांनी गुडगुडी तटाखाली फेकविली. वैद्य त्र्यंबकभट गुटिका घेऊन आले आणि म्हणाले, "ही जिभेखाली धरावी, तलफ मंदावेल." राव बोलले, "व्यसन माझे, सोडीनही मीच. औषध तुम्हांपाशी राहो." यास निश्चय म्हणावे की गर्व, श्री जाणे, आमचे मते गर्वच.

मग तलफेच्या गनिमाने वेढा घातला. अंगास घाम, आणि मिजास ऐसी बिघडली की भाकरी जाड म्हणून एका आचाऱ्यास हाकलिले आणि पातळ म्हणून दुसऱ्यास. वेलदोडे चघळून जीभ सोलली. लोक तोंड चुकवू लागले. यापूर्वीही रावांनी तंबाखू सोडली होती, आणि 'एकच झुरका' म्हणता म्हणता पुन्हा धरली होती. त्याचे भय मनी फार. सबब तटावर येरझारा घालीत आणि एकटेच पुटपुटत, "आत्ता नाही." ऐसे म्हणता पौष गेला आणि माघ गेला आणि रक्त थांबले.

फाल्गुनात थोरले बंधू रायाजीराव खिंड ओलांडून आले. किल्लेदारी धाकट्यास मिळाली तेव्हापासून उभयतांत बोलणे नव्हते. आणि त्या राज्यात चाल ऐसी की, तुटलेली मने सांधावयाची तर एका गुडगुडीचा धूर दोघांनी घ्यावा. नळी परतविली तर वैर कायम. थोरले वाळले होते, बसता बसता भिंत धरीत होते, परंतु राव आनंदात, कोणी पुसले नाही. रायाजीरावांनी आपली गुडगुडी मांडविली, झुरका घेतला आणि नळी पुढे केली. रावांनी ती हाती घेतली, ओठांपर्यंत नेली. तोंडास पाणी सुटले, डोळ्यांसही सुटले. मग नळी खाली ठेवून म्हणाले, "दादासाहेब, एक झुरका घेतला तर मी बुडालो. पायांवर डोके ठेवतो, एका ताटात जेवतो, परंतु हे मागू नये."

थोरल्यांनी नळी उचलून गुडगुडीस गुंडाळली. मग म्हणाले, "औषधावाचून राहिलात म्हणे, भावावाचूनही राहाल." आणि ताटावर न बसता निघून गेले. राव दरवाजापर्यंत मागे धावले, परंतु मेणा उतरणीस लागला होता. सगुणाबाई म्हणाल्या, "राग निवळला म्हणजे जाऊन आणावे." रावांस ते पटले. राग मात्र निवळण्यास दिवस पुरले नाहीत.

चैत्रात सांडणीस्वार आला की रायाजीराव खोकल्याने वारले. वैद्यांनी माघातच हात टेकले होते, म्हणून ते भेटीस आले होते. राव मेणा न घेता पायीच खिंडीकडे निघाले. चढण ऐसी की तरणे शिपाई मागे पडून धापा टाकीत. राव एकटेच माथ्यावर पोहोचले, आणि छातीवर हात ठेवून पाहतात तो श्वास संथ चालला आहे. तेव्हा तेथेच धोंड्यावर बसून मोठ्याने रडले.

सारांश, किल्लेदार पुढे पुष्कळ जगले, लेकीचे लग्न पाहिले, गुडगुडीस पुन्हा शिवले नाहीत. फत्ते झाली खरी, परंतु तिची नौबत वाजवा म्हणून त्यांनी कधी हुकूम केला नाही. वर्तमान येथवर, वाचणाऱ्याचे कल्याण असो.