दिवाणांनी तुऱ्याचा बॉट सोपा केला त्याची हकीकत

ज्या देवीने वाणी दिधली आणि ज्या मोबाइलाने ती दूर पोचविली, त्या उभयतांस वंदन करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. त्या राज्याची चावडी मोबाइलावर भरत असे, आणि तेथे जो कोणी उपयोगी बोलेल त्याचे नावापुढे सरकारी बॉटाने मानाचा तुरा लावावा, आणि ज्यास तुरे अधिक त्याचे बोलणे वर दिसावे, ऐसा शिरस्ता होता. परंतु बॉटास आज्ञा द्यावयाची ती कंस आणि तिरक्या रेघा घालोन, एक टिंब चुकले तरी स्वारी रुष्ट. त्या समयी सगुणा तांबटीण इची लेक बाळंतपणी अडली, आणि वाटेवरील पूल मोडलेला, तेव्हा येसू सुइणीने चावडीवरूनच धीर देत, काय करावे ते सांगत, बाळ-बाळंतीण सुखरूप सोडविली. मग सगुणेने डोळे पुसोन बॉटास लिहिले, "येसूबाईला तुरा दे रे बाबा." बॉट बोलिला, "आज्ञा समजली नाही." तिने हात जोडल्याचे चित्र धाडिले. बॉट बोलिला, "आज्ञा समजली नाही."

ही बोंब हुजुरांपर्यंत गेली, आणि मग दिवाण चिमणाजीपंत, जे स्वतःस सामान्यांचे कैवारी म्हणवीत आणि सामान्य माणूस दिसताच पडदा ओढून घेत, त्यांनी विडा उचलिला, आणि सर्व आज्ञा काढोन एक हिरवे बटन ठेविले. पंत वदले, "तुरा कोणास द्यावा, हा विचारही रयतेस जड. सबब, चावडीत जो शेवटी बोलला त्यासच तो जाईल." आणि मग आपण किती सोपे केले हे स्वतःच पळापळास चावडीत सांगत सुटले. सगुणेने येसूसाठी बटन दाबिले, तुरा पंतांस गेला. पुन्हा दाबिले, पुन्हा गेला. अवघ्या रयतेचे तैसेच जाहले, आणि पंत तुऱ्यांनी ऐसे लादले गेले की येसूचे शब्द पार तळाशी बुडाले. पुढे कुंभारआळीत एक सून अडली, सासूने चावडीत टाहो फोडिला, येसूने तत्काळ उत्तर लिहिले, ते कोणास दिसले नाही, वर पंतांचे सुभाषित झळकत होते, "एक बटन, सुखी जन." सून वाचली, बाळ गेले.

मग सगुणा दरबारी उभी राहिली आणि बोलिली, "महाराज, तुरा गेला तर जाऊ द्या. येसूबाईचं बोलणं तेवढं वर आणा, नाहीतर बाया मरतील." महाराजांस गहिवर आला. म्हणाले, "बाई, तू खरे बोललीस. आम्ही स्वहस्ते तुला तुरा देतो." इतक्यात पंतांनी चावडीत लिहिले, "महाराजांसही जमेल!" महाराजांनी बटन दाबिले, तुरा पंतांस गेला, दरबारी टाळ्या जाहल्या, आणि महाराज संतोषोन वदले, "खरेच की, किती सोपे!"

सगुणा मुजरा न करिता फिरली, थेट येसूच्या दारी जाऊन तिच्या गळ्यात पडली, आणि मग आळीआळीने हिंडोन बायांस सांगू लागली, "अगं, तिथं लिहीत बसू नका. हा येसूबाईचा नंबर, फोनच करा."

एवंच, राज्यकारभार सोपा जाहला. अवघड तेवढे रयतेकडे राहिले.