गॅलरीतली चूक

प्रभुदेसाई सर शर्टाला त्रिकोणी इस्त्री करतात. कॉलरवर बारीक बारीक त्रिकोण, खिशापाशी जरा मोठे आणि पाठीला इस्त्रीच नाही. चुरगळलेली पाठ घेऊन हा माणूस भाईंदर पश्चिमेच्या बाजारात खुशाल हिंडतो. विचारलं तर म्हणणार, "चूक जिथे, बारकाई तिथे."

सर आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहतात. कॉलेजात गणित शिकवायचे. जन्मभर एकाच पद्धतीच्या मागे लागले. पूल असो की भिंत, कॉम्प्युटरवर तिचे मोठे त्रिकोण पाडायचे, ताण किती ते काढायचं, उत्तर जिथे चुकल्यासारखं वाटेल तेवढेच त्रिकोण बारीक करायचे आणि पुन्हा काढायचं. असं करत गेलं की उत्तर खऱ्याच्या जवळ सरकत जातं, आणि ते का सरकतं हे सिद्ध करण्यात त्यांचे केस गेले. गप्पांना मात्र वेळ नाही. लिफ्टमध्ये कुणी "काय सर?" म्हटलं की हे मजल्यांचे आकडे बघत राहतात.

यंदा आमच्या गॅलरीखाली भेग दिसली. त्याच गॅलरीत माझी आई रोज पाच वाजता खुर्ची टाकून बसते आणि निम्म्या रस्त्याशी बोलते. सेक्रेटरी खालूनच मान वर करून म्हणाले, "कुछ नहीं, प्लास्टर मार देंगे." सरांनी मापं घेतली आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आले. भिंतीलगतच्या कोपऱ्यात त्रिकोण इतके बारीक झाले होते की नुसता काळा डाग दिसत होता. आईची खुर्ची तिथेच असते.

"इथे ताण साचतोय. आतल्या सळ्या किती गंजल्यात, मला माहीत नाही. कोपरा फोडून बघेपर्यंत कुणी बसायचं नाही."

कॉन्ट्रॅक्टर पुढच्या महिन्यात येणार होता. आई म्हणाली, माझं वजन ते काय. मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं, तिने किल्ली शोधली. रोज ऑफिसात पाच वाजत आले की मी घरी फोन लावायचे. ती उचलायची नाही.

शेवटी एकदा लवकर निघाले. धापा टाकत घरात शिरले तर आई गॅलरीच्या दारापाशी, हात कडीवर. मी ओरडणार तेवढ्यात मागून सर आत आले.

"वहिनी, तुमच्या राजापूरच्या म्हशीचं काल अर्धवट राहिलं."

आईचा हात कडीवरून निघाला. "बसा मास्तर. तर ती म्हैस..."

म्हणजे हे रोजचं होतं. सर गॅलरीच्या दाराला पाठ लावून बसले आणि दाढ दुखत असल्यासारख्या चेहऱ्याने म्हैस ऐकू लागले. मला भरून आलं आणि हसूही.

कॉन्ट्रॅक्टरने कोपरा फोडला तेव्हा सळ्यांचा हाताला भुगाच लागला. नवी गॅलरी झाली, आईची खुर्ची पुन्हा बाहेर गेली.

त्या दिवशी पाच वाजता बेल वाजली. दारात सर.

"आता काळजी नाही, सर," मी म्हटलं.

ते चपलांकडे बघत राहिले. "चूक कमी कमी होत जाते. शून्य होत नाही कधी. वहिनी अजून थोडे दिवस आत बसल्या तर बरं."

आईने ऐकलं असावं. ती आपली आपण खुर्ची उचलून आत आली.

सर माझ्यासमोरून आत गेले. शर्टाच्या पाठीला कडक इस्त्री होती.