जावयाचा जामीन

सरकारी ठेकेदार व्हायला बांधकाम यावं लागतं, अशी माझी समजूत होती. आणि ते मला येतच होतं! नागपुरात दुसऱ्यांच्या हाताखाली भिंती उभारता उभारता माझी दहा वर्षं गेली होती. त्र्याहत्तर साली ठरवलं, आता परवाना आपल्याच नावाचा.

कचेरीतले बाबू म्हणाले, भिंतींचं नंतर बघू, आधी जामीनदार आणा. मी काम अर्धवट टाकून पळालो तर नुकसान भरून देईन, असं जमीनजुमला असलेल्या माणसानं बाँडवर लिहून द्यायचं. मुदत सोमवारची.

काटोलकडे माझे सासरे चंपतराव यांचा संत्र्याचा बगीचा होता. वाडीच्या नाक्यावर त्यांच्या गावचा ट्रकवाला नत्थू भेटला. त्याच्याजवळ निरोप दिला, की जावई अडकला आहे, जामिनासाठी सोमवारी जमिनीचे कागद घेऊन कचेरीत या.

'अडकला' हा शब्द मी वापरायला नको होता.

सोमवारी मी कचेरीच्या पायरीवर वाट बघत बसलो, तेव्हा सासरे पोलीस ठाण्यात होते. सोबत सासूबाई, घोंगडी आणि झुणका-भाकरीचा डबा. असा कोणी आत नाही, असं हवालदारानं सांगून पाहिलं. सासऱ्यांना ते पटेना. पोलिसांनी आपला जावई लपवला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. शेवटी हवालदारानं विचारलं, त्यानं केलं तरी काय? ते सासऱ्यांना कुठं ठाऊक? पण जावई बांधकामातला, आणि तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. त्यांनी आपला अंदाज सांगितला, "सिमेंट विकलं असन."

हवालदार लगेच उठला.

कंटाळून दुपारी घरी आलो, तर हवालदार न्हाणीसाठी आणलेल्या सिमेंटच्या पिशव्या उघडून बघत होता, बायको कौसल्या परमिट शोधत होती आणि सासूबाई रडत होत्या. परमिट सापडलं, तो चहा पिऊन गेला. मग मी सगळा खुलासा केला. कचेरी अजून उघडी होती. सासऱ्यांनी कागद मांडीवर धरून शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही काही केलंच नाही?"

"नाही, मामाजी."

"अन् उद्या तुमची भिंत पडली, त मी भरून देऊ?"

"पडणार नाही."

"चोरीचा जामीन असता त आत्ता सही केली असती, जवाईबापू. पोरीच्या संसाराचा सवाल होता. ठेकेदारीपायी माहा बगीचा नाही देत."

कागद पिशवीत घालून ते संध्याकाळच्या एसटीनं गावी गेले.

मी अजून दुसऱ्यांच्याच भिंती बांधतो. मात्र कधी चोरी केलीच, तर आपला जामीन पक्का आहे.